आमच्या पाठी बघणारा साहेब

"मी इथं नाहीच असं समजा," असं म्हणून तो तुमच्या पाठीमागे येऊन उभा राहायचा. आता तुम्हीच सांगा, पांढऱ्या पँटीतला एक जाडजूड साहेब तुमच्या मानेवर त्याचा श्वास लागेल इतक्या जवळ उभा आहे, तर तो नाहीच असं कसं समजायचं? पण तो ते मनापासून म्हणायचा. रोज म्हणायचा. पहिल्या दिवशी त्यानं आमच्यातल्या कोणाचंही तोंड पाहिलं नाही. नुसत्या पाठी पाहिल्या.

माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा माझ्या लिहिण्यातल्या चुका काढत बसू नका. भागी, माझी बायको, गेली त्याला आता वर्ष होईल. लोक म्हणतात, तिच्याबद्दल काहीतरी लिही, मन मोकळं होईल. तिच्याबद्दल मला लिहिता येत नाही. बसलो की हात थांबतो. त्या साहेबाबद्दल मात्र येतं, म्हणून त्याच्याबद्दल लिहितो. अशी माणसं तुम्हीही कुठं कुठं पाहिली असतील, तेव्हा तुम्हाला पटेल.

शहापूरहून मुरबाडकडे निघालं की रस्त्याला लागून तेव्हा कौलांचा एक कारखाना होता. आता तिथं काहीच नाही, भिंतीसुद्धा लोकांनी नेल्या. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. भाताची झोडणी संपली की आम्ही तिथं कामाला लागायचो ते पावसाच्या तोंडापर्यंत. मी दाबाच्या यंत्रावर होतो. वर मोठं लोखंडी चाक, ते दोघांनी जोर लावून फिरवायचं, खाली साच्यात कौल उठायचं. माझा बाप भट्टीच्या तोंडाशी लाकडं घालायला होता. भागी ओल्या कौलांच्या फळ्या डोक्यावरून सुकवायच्या मांडणीकडे न्यायची. आमच्या घरातली तीन माणसं एका छपराखाली कामाला होती, म्हणून आम्हाला कुठं जावं लागत नव्हतं. नाहीतर आमच्या वाडीतली निम्मी घरं दिवाळी झाली की दाराला काटी लावून पोराबाळांसकट कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जायची. तिकडं काय हाल असतात ते मी लहानपणी बापाबरोबर जाऊन पाहिले होते.

शेठची तक्रार अशी, की माणसं फार खाडे करतात. आज याची कंबर धरली, उद्या त्याची मान धरली. म्हणून त्यानं मुंबईहून हा साहेब आणला. माणसं काम करताना उभी कशी राहतात, बसतात कशी, वाकतात कशी, हे बघायचं त्याचं शिक्षण झालं होतं म्हणे. आम्हाला हे ऐकून हसू आलं. वाकायचं त्यात काय बघायचं?

मुकादमानं आदल्या दिवशी सगळ्यांना दम दिला. "उद्या साहेब येणार हाय. नीट उभे ऱ्हावा. कोनी वाकडातिकडा दिसला ना, तर बघा!"

झालं. दुसऱ्या दिवशी सगळा कारखाना झेंडावंदनाला उभा असल्यासारखा ताठ. माती उचलणारे ताठ, कौलं रचणारे ताठ. वाकायचं नाही म्हटल्यावर कौल जमिनीवर ठेवणार कसं? वरूनच सोडायचे. फटाफट फुटायला लागली. साहेबानं थोडा वेळ पाहिलं, मग बाहेर आंब्याखाली गेला, तोंडावर रुमाल टाकून आडवा झाला आणि घोरायला लागला. मुकादम म्हणाला, "घ्या! ह्यो साहेब का जावई?" आम्ही सगळे सैल पडलो. ज्याची त्याची पाठ आपापल्या जागी गेली, वाकडी ती वाकडी. मग आमचं लक्ष गेलं, तर रुमालाखालून एक डोळा उघडा. साहेब उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "आता बरं झालं. चालू द्या."

त्याचं बघणं कसं होतं ते सांगतो. तो तुमची नक्कल करायचा. तुम्ही चाक ओढलं की तुमच्या मागं तो रिकामे हात ओढणार. तुम्ही वाकलात की तो वाकणार. वाकल्यावर पोट मध्ये यायचं, मग "आई गं" म्हणून उठणार आणि विचारणार, "इथं ओढतं ना? कुठं ओढतं?" हे त्याचं पालुपद होतं. कुठं ओढतं? चहा प्यायला बसलेल्यालाही तेच, बिडी ओढणाऱ्यालाही तेच.

मी एकदा त्याला सरळ विचारलं, "साहेब, लांबून बघून कळत नाय का तुमाला?"

"बघून निम्मं कळतं," तो म्हणाला. "उरलेलं आपल्याला दुखल्यावर कळतं."

मला म्हणाला, चाक ओढताना तुम्ही श्वास कोंडून धरता.

"मग काय करू?"

"सोडा की."

मी सोडून बघितला. ओढताना जोरात सोडायचा. माझा जोडीदार हसून हसून खाली बसला. म्हणाला, "तुजा आवाज रेल्वेच्या इंजिनासारखा येतो रे." पण संध्याकाळी कंबर रोजच्यासारखी भरून आली नाही, हे खरं. खोटं कशाला बोलू?

माती मळायचा घाणा फिरवायला बैल होता. त्याच्या मागं चालणारा आमच्यातला एक जण फार टवाळ. तो म्हणाला, "साहेब, सगल्यांच्या नकला केल्या, आमच्या ढवल्यानं काय पाप केलं?" साहेबानं चष्मा काढून खिशात ठेवला, बैलाच्या बाजूला जाऊन दांडीला खांदा लावला आणि अख्खा फेरा मारला. घामाघूम झाला. मग बैलाच्या मानेवरून हात फिरवून म्हणाला, "याला डावीकडं ओढतं. जू सरकलंय." त्या टवाळानं जू नीट केलं. पुढं तो कधी साहेबाची थट्टा करायचा नाही, म्हणजे तोंडावर तरी.

बायकांकडं तो गेला तेव्हा मात्र भानगड झाली. परका पुरुष मागं उभा राहतो, कमरेकडं बघतो, वर नक्कल करतो. डोंगरातल्या ठाकरांच्या पोरी तोंडाला पदर लावून फिदीफिदी हसत होत्या. भागी हसणाऱ्यातली नव्हती. डोक्यावर फळी, फळीवर ओली कौलं, आणि मागून साहेब दोन्ही हात डोक्याशी धरून तिच्यासारखा चालतोय. तिनं फळी मांडणीवर सरकवली आणि गर्रकन वळली.

"माजी नक्कल करता? चेष्टा करता गरिबाची? तुमच्या आयशीची करा जा!"

मला वाटलं, आजच घरी बसावं लागणार. साहेबानं हात खाली घेतले. म्हणाला, "बाई, चेष्टा नाही. पण तुम्हाला तशी वाटली तर ती माझी चूक. उद्यापासून तुम्ही बोलवाल तेव्हाच येईन."

मग हळूच, फक्त तिला आणि जवळ उभ्या असलेल्या मला ऐकू येईल असं म्हणाला, "पण उजव्या पायावर तुम्ही भार टाकत नाही."

"टाकतेय की," भागी म्हणाली.

"टाकत नाही."

"टाकतेय म्हनलं ना!"

तो गेला. संध्याकाळी घरी तांदूळ पाखडताना सूप तसंच हातात धरून ती मला म्हणाली, "अवो, त्या मेल्यानं वलखलं."

तेव्हा मला कळलं. आमचं दुसरं पोर झाल्यापासून तिच्या कमरेतून उजव्या पायात कळ उतरत होती. मलासुद्धा तिनं कळू दिलं नव्हतं. कारण आदल्या हंगामात एका बाईनं मान दुखते म्हणून सांगितलं, तर शेठनं तिला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं होतं, आणि ते घर त्या वर्षी वीटभट्टीवर गेलं. भागी म्हणाली, "आता तो शेटला सांगल. मंग आपून पन चाललो भिवंडीला." वीटभट्टीवर तरी काय, डोक्यावर ओझंच. तिथं तर कोणी विचारणारही नाही. मी तिला म्हटलं, घाबरू नको. पण मी स्वतः घाबरलो होतो.

दोन-तीन दिवसांनी शेठ छपराखाली आला. आम्हा सगळ्यांच्या देखत साहेबाला म्हणाला, "बरेच दिवस बघताय. आता नावं सांगा. कोण कोण कमजोर आहे?"

साहेबानं चष्मा पुसला. "कमजोर कोणीच नाही. तुमची मांडणी फार खाली आहे आणि फळी फार लांब आहे."

"साहेब, मी तुम्हाला माणसं बघायला आणलं. मांडणी काय, ती लाकडाची आहे."

"म्हणून तर ती बदलता येते," साहेब म्हणाला. "माणसाची पाठ बदलता येत नाही."

शेठला ते आवडलं नाही. पण साहेबही हटला नाही. मग त्यानं स्वतःहूनच भागीकडं बोट केलं. तो म्हणाला, "ही बाई फळी फार चांगली नेते, एक कौल फोडत नाही. हिचा हात हलका आहे. तिला कडा कापायच्या कामावर घ्या, तुमची फूट कमी होईल." दुखण्याचं नाव काढलं नाही. शेठ म्हणाला, "होळीपर्यंत बघतो. जमलं तर ठीक."

साच्यातून निघालेल्या कौलाच्या कडेला जी जादा माती येते ती तारेनं कापायची, हे ते काम. ते जमिनीवर उकिडवं बसून करायचं असे. साहेब म्हणाला, उकिडवं बसणं तिला जमणार नाही. त्यानं सुतार बोलावला, उंच बाकडी करून घेतली, त्यापुढं बसायला स्टुलं. स्टुलाची उंची ठरवायला त्यानं सुताराला किती छळलं ते विचारू नका. कापून आण, पुन्हा कापून आण. सुतार मला म्हणाला, "ह्याच्या पोरीचं लगीन हाय का ह्या स्टुलावर?"

आणि मग काय झालं ऐका. आधीपासून कडा कापणाऱ्या ठाकरांच्या बायकांनी स्टुलं बाजूला सारली, चढून थेट बाकड्यावर गेल्या आणि वरच उकिडव्या बसून कडा कापायला लागल्या. खालच्या वर गेल्या, एवढाच फरक! साहेब कपाळाला हात लावून इतका हसला की त्याला ठसका लागला. मग एकेकीला विनवून खाली आणलं, स्टुलावर बसवून दाखवलं. त्या हसत हसत बसल्या. बसल्या त्या बसल्याच.

भागी मात्र बसेना. स्टूल पायाशी असताना उभी राहून, कमरेत पुरती वाकून काम करायची. पूर्वीपेक्षा वाईट. साहेबानं विचारलं, "बाई, बसा ना. तुमच्यासाठीच केलंय."

"नको. सवय नाय."

"सवय होईल."

"नको म्हनलं ना."

त्यानं मला विचारलं. मीही म्हटलं, बसेल हळूहळू. तुम्ही म्हणाल, तुला माहीत नव्हतं का? अहो, काही गोष्टी इतक्या रोजच्या असतात, की त्या कोणाला सांगायच्या असतात हेच आपल्या ध्यानात येत नाही. होळी जवळ आली. शेठ येता-जाता त्या रिकाम्या स्टुलाकडं बघायचा. एकदा म्हणालाच, "शोभेला केलंत का, साहेब? बाईला जमत नसेल तर सोडा." भागीचं तोंड एवढंसं झालं. रोज संध्याकाळी तिचा पाय मी शेकून द्यायचो.

मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत साहेबानं आपली ती नक्कल पुन्हा सुरू केली. बायका झाडाखाली भाकर खात होत्या. तो जाऊन भागीच्या स्टुलावर बसला. तिच्यासारखी तार धरली, तिच्यासारखी मान खाली घातली, आणि एक कौल कापून झाल्यावर ती जशी वर बघायची तसं वर बघितलं.

समोर माझा बाप. भट्टीच्या तोंडाशी, खांद्यावर पंचा, विझलेली बिडी ओठात.

साहेबानं तार खाली ठेवली. मग उठून बापाकडं गेला. मी भट्टीजवळच भाकर खात होतो.

"बाबा, तुमची सून तुमच्यासमोर उंच जागी बसेल का?"

बाप चिडला. "कशी बसंल? तिच्या बापानं तसं शिकवलं नाय तिला."

"तुम्ही म्हणालात, बस, तर?"

"मी कशाला म्हनू? मी काय तिच्याशी बोलतो?"

खरंच होतं. आमच्याकडं सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नसे. जेवायला वाढ म्हणायचं तरी भिंतीकडं बघून, नाहीतर पोराचं नाव घेऊन. ती समोर असली तर खोकून पुढं यायचा.

साहेब म्हणाला, "तिची कंबर गेलीय, बाबा. बसली नाही तर होळीनंतर ती इथं नसेल." आणि निघून गेला. कूड घाला, पडदा लावा, असलं काही तो बोलला नाही. तो बोलला असता तर माझ्या बापानं ऐकलं नसतं, हेही सांगतो. माझा बाप कोणाचं ऐकणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाप कामावर आला नाही. मला वाटलं, रागावला. दिवस कलल्यावर तो डोंगराच्या बाजूनं येताना दिसला, डोक्यावर कारवीच्या काठ्यांचा भारा. भट्टी आणि बायकांची बाकडी यांच्या मधल्या जागेत त्यानं मेढी रोवल्या आणि कारवीचा कूड विणायला बसला. मुकादमानं विचारलं, "काय रं म्हाताऱ्या, घर बांधतूस का?"

"धूर बायांच्या डोल्यात जातो," बाप म्हणाला. "दिसत नाय तुला?"

धूर त्या बाजूला कधीच जात नव्हता. सगळ्यांना माहीत होतं. मुकादम आपल्या कामाला गेला. मी मदतीला गेलो तर बापानं मला हाकललं. लिंपायला शेणमाती लागली तीही त्यानंच कालवली. ते काम बायकांचं, पण त्यानं स्वतःच्या हातानं केलं. साहेब लांब मातीच्या ढिगाजवळ उभा होता. या वेळी त्यानं कोणाची नक्कल केली नाही. खिशात हात घालून नुसता बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागी आली, कूड बघितला. ओली शेणमाती होती अजून. तिनं त्यावर हात टेकला, नव्यानं लिंपलेल्या चुलीला टेकतात तसा, आणि मग स्टुलावर जाऊन बसली. पलीकडून माझा बाप खोकला. तिनं पदर पुढं ओढला, पण उठली नाही.

होळी झाली. शेठ येऊन बघून गेला. ती त्या कामावर राहिली ती कारखाना बंद पडेपर्यंत. आम्ही वीटभट्टीवर गेलो नाही. पोरं शहापुरात शिकली.

साहेब त्या उन्हाळ्यातच गेला. जाताना भागीनं त्याला नव्या भाताचे पोहे कांडून दिले होते, फडक्यात बांधून. माझ्याच हातून दिले. त्यानं विचारलं, "बाईंना सांगा, कुठं ओढतं का अजून?" मी कुडाच्या आत जाऊन विचारून आलो. म्हटलं, "पावसाल्यात कलंल, असं म्हनते." तो आसनगावला जाणाऱ्या एसटीत चढला. पुढल्या हंगामात दुसरा एक साहेब आला, तो हातात घड्याळ धरून बसायचा. आम्ही त्याला या साहेबाबद्दल विचारलं, तर म्हणाला, ओळखत नाही. आमच्याकडं त्याचा पत्ता नव्हता. नावसुद्धा नव्हतं, सगळे साहेबच म्हणायचे. माझा बाप मरायच्या आधी एकदा म्हणाला होता, "तो जाडा परत आला नाय रं." एवढंच.

आता मी जिथं आहे त्या वाडीत पूर्वी ओझी वाहिलेल्या बऱ्याच म्हाताऱ्या आहेत. एकेकीची पाठ अशी गोल झालीय, की समोरच्या माणसाचं तोंड बघायला मान तिरकी करावी लागते. अशी म्हातारी गेली की तिला तिरडीवर सरळ निजवता येत नाही. मान अधांतरी राहते. म्हणून डोक्याखाली भाताचा पेंढा द्यायची आमच्याकडं पद्धतच पडलीय.

भागी गेली त्या दिवशी साहेबाची मला फार आठवण झाली. काहीतरी सांगायचं होतं त्याला. तो असेल की नाही देव जाणे, असला तरी माझ्यापेक्षा म्हातारा. बायकांनी तिला आंघोळ घातली, बाहेर आणून तिरडीवर ठेवली. शेजारच्यानं रिवाजाप्रमाणे पेंढा आणून ठेवला होता, चांगला उशीएवढा, सुंभानं बांधलेला.

तो लागला नाही. ती सरळ निजली होती, टाचेपासून मानेपर्यंत. पेंढा तसाच अंगणात राहिला, आणि आम्ही तिला घेऊन निघालो.